चिंबोरीतली सुरी

माझी सुरी पुण्याला आहे. काळ्या मुठीची, लांब पात्याची, कोथिंबिरीपासून कलिंगडापर्यंत काहीही मुकाट्याने कापणारी माझी सुरी भोईर सरांबरोबर पुण्याला गेली, आणि मी इथे वसईत, एव्हरशाईनमधल्या आमच्या घरात, कुठल्याशा डब्यावर फुकट मिळालेल्या सुरीने टोमॅटो चिरत नाही, चेंगरत बसले आहे. मैत्रिणी म्हणतात, अगं नवी घे की! नवी घ्यायला काय होतंय? पण नवी आणली की पुण्याची येणार नाही हे मी मान्य केल्यासारखं होईल. म्हणून नाही घेत. बसू दे टोमॅटोचा रस ओट्यावर सांडत.

भोईर सर आमच्या समोरच्या दारातले. मूळचे जूचंद्रचे. शाळेत चित्रकला शिकवायचे, निवृत्त झाल्यावर इथे फ्लॅट घेतला. उंच, काटकुळे, शर्ट कायम खोचलेला, आणि खिशाला पेन नाही, पेन्सिल. ती ब्लेडने तासलेली. शिसं इतकं लांब आणि बारीक काढलेलं की खिशाला भोक कसं पडत नाही याचंच मला नवल वाटायचं. शार्पनर या वस्तूशी त्यांचं हाडवैर होतं. ते शेजारी यायच्या कितीतरी आधी माझा ओंकार त्यांच्या वर्गात होता, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याचा शार्पनर जप्त झाला. मी तणतणत शाळेत गेले. म्हटलं, लहान मुलांच्या हातात ब्लेड देता, बोट कापलं म्हणजे?

सर अगदी शांत. म्हणाले, "बाई, शार्पनर टोक काढत नाही, पेन्सिल खातो. टोक आत असतंच. आपण फक्त लाकूड बाजूला करायचं."

आणि माझ्यासमोर त्यांनी एक पेन्सिल तासून दाखवली. लाकडाच्या पातळ चकत्या टेबलावर पडत होत्या आणि मी भांडायला आलेली बाई तोंडाचा आ करून बघत उभी. शेवटी ती पेन्सिल घेऊन घरी आले. ओंकारचं बोट पुढे एकदा कापलंच, पण त्या वेळी मी शाळेत गेले नाही.

जूचंद्रची माणसं रांगोळीत हुशार, हे सगळ्या वसईला ठाऊक आहे. सर दिवाळीत आमच्या गेटपाशी रांगोळी काढायचे. मधलं मोठं वर्तुळ आधी. कुणी उत्साही माणूस खडू आणि दोरी घेऊन पुढे आला की सर ती दोरी त्याच्याच खिशात कोंबायचे. मग वाकून, चिमटीतून रांगोळी सोडत, स्वतःभोवती एक फेरी मारायचे की झालं वर्तुळ. जिथे सुरुवात तिथेच शेवट, जोड कुठे ते शोधून सापडायचा नाही. मग चार पावलं मागे जाऊन एक डोळा बारीक करून बघायचे. तो त्यांचा बारीक केलेला डोळा म्हणजे एक प्रकरणच होतं. वाकडं काही त्यांना सहन व्हायचं नाही. आमच्याकडे चहाला आले की आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करणार, मग खुर्चीत बसणार. एकदा म्हणाले, तुमच्या बेडरूमच्या दाराची चौकट डावीकडे झुकली आहे. आमचे हे हसले. मग मुद्दाम सुताराला बोलावून लेव्हल लावून बघितली, तर झुकलेली होती. तेव्हापासून मलाही ती झुकलेली दिसते. सरांच्या शेजारात राहायचे असे तोटे होते.

आणि धार. रविवारी सकाळी सर पॅसेजमध्ये पाट टाकून बसायचे, पुढ्यात दगड. हा दगड त्यांनी तरुणपणी चिंचोटीच्या ओढ्यातून उचलून आणलेला. मध्ये झिजून झिजून किंचित खोलगट झालेला. त्यावर पाण्याचा हात फिरवायचा आणि सुरू. सर्र, सर्र, सर्र. सगळ्या मजल्यांवरच्या सुऱ्या आणि विळ्या खाली-वरून येऊन तिथे रांगेत पडायच्या. बायका गप्पा मारत थांबायच्या, कुणी म्हणायचं, सर, किती सुंदर हात फिरतो हो तुमचा! सर वर न बघता म्हणायचे, "हात बघू नका, धार बघा." आणि वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून त्यातून सुरी सोडायचे. कागदाला कळायचंसुद्धा नाही.

सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, दारात उभ्या राहून कुरकुरायच्या. "लोकांच्या सुऱ्या नि माजा पॅसेज वला. आता ह्ये पानी कोन पुसनार?" सर शाळेतलं शुद्ध मराठी बोलायचे, वहिनी मात्र गावची बोली सोडत नसत. तीस वर्षं शहरात काढा नाही तर चाळीस, पाणी त्यांच्या तोंडी पानीच राहिलं. पण पाणी पुसायच्या त्याच, आणि आपली विळी सगळ्यात आधी रांगेत ठेवायच्याही त्याच.

मग हात हलायला लागला.

आधी बशी वाजली. चहाचा कप उचलताना किणकिण. सर म्हणाले, कप हलका आहे. मी पुढच्या वेळी जड मग दिला तर त्यातला चहा शर्टावर. त्या वर्षी दिवाळीत त्यांनी वर्तुळाला सुरुवात केली, अर्ध्यातच थांबले, पायाने सगळं पुसून टाकलं आणि म्हणाले, पाठ धरली. मग मुलींना ठिपक्यांची रांगोळी काढायला सांगून निघून गेले. पुढे एका रविवारी दगडावर सुरी घसरली आणि अंगठ्याला टाके पडले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्यांनी थोडा आवरेल, जाणार नाही, असंही सांगितलं. वहिनींनी त्या दिवशी दवाखान्यातून आल्या आल्या चिंचोटीचा दगड उचलला आणि तुळशीच्या कुंडीखाली सरकवला. सरांनी तो कुठे गेला हे विचारलं नाही. तुळस मात्र थोडी उंच झाली, आणि सर रोज तिला पाणी घालायचे.

इथपर्यंत सगळं दुःखाचं आहे, मला कळतं. माझा वैताग इथून सुरू होतो.

त्यांची मुलगी मीनल पुण्याला असते. तिने काय केलं, मोबाईलवर शोधून एक यंत्र मागवलं आणि बाबांना पाठवून दिलं. धार लावायचं यंत्र. एका लोखंडी बैठकीवर छोटा खांब, खांबाच्या डोक्याला दोन ओठांचा चिमटा. त्या ओठांत सुरीची पाठ धरायची, धार बाहेर. समोर एक दांडी, दांडीला लांबट दगड. दांडी वर-खाली करून तिचा कोन एकदा पक्का केला की दगड त्याच कोनात मागे-पुढे होणार. म्हणजे हात कितीही हलू दे, दगड आपली वाट सोडणार नाही. पोरीने मोठ्या मायेने पाठवलं, आणि सर ते बघून इतके खूश झाले की मी त्यांना शार्पनरची आठवण करून द्यायचा मोह आवरला. वहिनींनी तो चिमटा उघडून-मिटून बघितला आणि त्याच दिवशी खेकडीवरून त्याचं बारसं केलं. "चिंबोरी हाय ही. आंगठा धरलान तर सोरायची नाय."

सर माझ्याकडे आले. "परबवहिनी, पहिली सुरी तुमची. धार लावून मी स्वतः आणून देणार, तुमच्या हातात."

मी दिली. नको कशी म्हणणार? अंगठ्याचे टाके निघाल्यापासून त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू बघत होते. वहिनींनी नंतर मला सांगितलंच, की सरांना एकच बघायचं आहे. कुणाचा हात न लागता, आपल्या हातून एक पातं तरी धारदार होतंय की नाही. ते झालं तर पुढचं पुढे.

आता घोडं कुठे अडलं ते ऐका. त्या यंत्रात दगड सरळ चालतो, दांडी सरळ चालते, सगळं यंत्रच करतं. फक्त एक काम ते करत नाही. सुरी चिमट्यात बसवणं. ती माणसाने आपल्या हाताने बसवायची. पात्याचा मध्य चिमट्याच्या मध्यावर हवा. धार चिमट्यापासून दोन्हीकडे सारखीच बाहेर आलेली हवी. जरा तिरकी बसली की मुठीकडची धार वेगळ्या कोनात घासली जाते आणि टोकाकडची वेगळ्या. आणि एका हाताने सुरी तशीच तोलून धरायची, दुसऱ्या हाताने स्क्रू आवळायचा. शेवटचा अर्धा वेढा देताना श्वाससुद्धा घ्यायचा नाही.

म्हणजे हात हलणाऱ्या माणसासाठी पाठवलेल्या यंत्रात जे एकच काम हातावर सोडलंय, ते हात न हलवता करायचं! जळ्ळं मेलं ते यंत्र. ज्याने काढलं त्याला एकदा समोर बसवून विचारायला हवं.

त्यात माझी सुरी नाठाळ. पाठीला जाड आणि धारेकडे उतरत पातळ होत गेलेली, त्यामुळे चिमट्याच्या ओठांना सपाट असं काही सापडेना. आवळली की डुलायची. सर म्हणाले, "सुरी मालकिणीवर गेली आहे. कुणाला धरू देत नाही." मी हसले. पहिल्या आठवड्यात मी हसत होते.

मग महिना गेला. मी दारावर जायची, म्हणायची, सर, झाली का? खिडकीपाशी टेबल, टेबलावर चिंबोरी, चिंबोरीत माझी सुरी, आणि सर चष्मा कपाळावर सरकवून एक डोळा बारीक करून बघतायत. "झालीच. टोकाकडे केसभर खाली आहे." आणि स्क्रू सैल. परत पहिल्यापासून. पात्याला ओरखडा पडू नये म्हणून चिकटपट्टी लावली होती, ती निघायची, नवी लागायची. पट्टी लावतानाही हात हलायचा, मग ती वाकडी बसायची, मग ती सोलायची. एकदा मार्करने सगळी धार काळी करून ठेवली. म्हटलं, हे काय नवीन? म्हणाले, दोन हात दगड फिरवून बघायचं, जिथली शाई गेली तिथे दगड पोचला, जिथली राहिली तिथे सुरी वाकडी आहे. दोन हात फिरवून बघितलं. मुठीकडची शाई गेली, टोकाकडची तशीच. सरांनी चष्मा काढून ठेवला. मी म्हटलं, "सर, चालेल हो मला तेवढी! अर्धी तर अर्धी. मला काय टोकाने युद्ध करायचंय?"

"अर्धी धार लावलेली सुरी मी कुणाला दिली आहे का आजवर?"

झालं. पालथ्या घड्यावर पाणी.

आमचे हे एकदा मदतीला गेले. सरळ माणूस, चार स्क्रू आयुष्यात आवळलेले. म्हणाले, "सर, तुम्ही सांगा, मी धरतो. तुम्ही फक्त आवळा." सर म्हणाले, हात नको. यांनी सुरी धरायला हात पुढे केला मात्र, आणि सर ओरडले, "हात नको लावू म्हनलं ना!" शुद्ध मराठी कुठल्या कुठे गेलं. रागावले की त्यांचं जूचंद्र बाहेर पडायचं, आणि ते कधी रागावायचेच नाहीत, म्हणून आम्ही ते आजवर ऐकलंच नव्हतं. हे घरी निघून आले. दुसऱ्या दिवशी सर आले, यांची क्षमा मागितली, कॅलेंडर सरळ केलं आणि चहा न घेता गेले. तोवर बाहेर कुठेही चहा घेणं त्यांनी बंदच केलं होतं.

माझ्या सुरीने हात टेकायला लावले तेव्हा माणसाने काय करावं? थांबावं. दुसरी साधी, सपाट पात्याची सुरी घ्यावी. सरांनी काय केलं? त्यांनी वहिनींची विळी घेतली.

विळी! मी तुम्हाला सांगते, हे जगात दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणार नाही. ज्यांनी ते यंत्र केलं त्यांनी विळी जन्मात बघितली नसेल. पण सरांचं म्हणणं, माझ्या सुरीचं पातं डुलतं, विळीचं जाड आणि सपाट आहे, ते चिमट्यात घट्ट बसेल. त्यांनी पाटाचे खिळे काढून पातं सुटं केलं. आणि ते खरोखरच घट्ट बसलं. पण विळीचं पातं पडलं वाकडं, बाकदार. त्याला मध्य कुठला? पोटाशी धरलं की दगड टोकापर्यंत पोचेना, टोकाशी धरलं की पोट राहून जाई. पुढे सरकवा, मागे सरकवा. दर वेळी कोन बदलला. शेवटी विळीचं पातं चिंबोरीत, पाट कोपऱ्यात, आणि सुमनवहिनी पिशवीत ओले बोंबील घेऊन माझ्या दारात.

"ताई, तुजी मोरली दे गं जरा. मना सुरीनं नाय जमत. आंगठा तुटंल माजा."

मोरली म्हणजे विळी. बसल्या माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर, एक पाय पाटावर दाबून. लहानपणापासून त्या बाईने उभं राहून काही कापलेलं नाही. बोंबील असे भराभर साफ केले की मला डोळ्यांनी पाठलाग करता येईना. आणि एकीकडे तोंडाने सरांचा उद्धार. शाळेतली पोरं बरी, ती निदान पास होऊन जातात. चिंबोरी खाडीत नेऊन टाकते, एक दिवस बघच तू. मीही त्यात तेल ओतलं, माझंही पित्त खवळलेलं होतंच. दोघी मिळून आम्ही सरांना असं काही धुतलं की विचारू नका. मग हात धुताना वहिनी नळाकडे तोंड करून म्हणाल्या, "रोज सकालपासून बसतान. जेवाला हाक मारली तरी येत नाय. मना बगवत नाय गं."

त्यानंतर वारंवार असं झालं. कधी कोलंबी घेऊन आल्या, कधी शेवग्याच्या शेंगा. शेवटी मी विळी त्यांनाच देऊन टाकली, म्हटलं ठेवा तुमच्याकडे. नाही म्हणाल्या. विळी घरात दिसली तर ते तिचंही पातं काढतील, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं.

मग वहिनींनी एक युक्ती केली. मला विचारून केली, म्हणजे माझाही त्यात हात होता असं धरा. विळीचं पातं परत पाटावर ठोकून झालं होतं, माझी सुरी पुन्हा चिंबोरीत आली होती. तिसऱ्या प्रहरी सर आंघोळीला गेले. वहिनींनी मला खूण केली, मी गेले. मी सुरी धरली, वहिनींनी स्क्रू आवळला. दोघींनी वाकून वाकून बघितलं. अगदी मध्यावर, सरळ, आरशासारखी. वहिनी म्हणाल्या, देवा, आता ह्यांना कलू देऊ नको. आम्ही दोघी सोफ्यावर येऊन पापड लाटणाऱ्या बायकांसारख्या निष्पाप चेहऱ्याने बसलो.

सर आले. डोकं पुसत टेबलाशी गेले. खुर्ची ओढली. दगडाच्या दांडीला हात घातला. वाटलं, फिरवा, सर, एकदाचा फिरवा! एक हात फिरला तर सगळं सुटेल.

सरांनी एक डोळा बारीक केला. सुरीकडे बघितलं. मग खाली वाकून दुसऱ्या बाजूने बघितलं.

"ही मी लावलेली नाही," ते म्हणाले.

वहिनी म्हणाल्या, "तुमीच लावलीत. मगाशी."

"मी गेलो तेव्हा टोक वर होतं."

आणि त्यांनी स्क्रू सैल केला. माझ्या डोळ्यांसमोर. सुरी कलंडली आणि टेबलावर पडली. वहिनी उठल्या आणि असं काही बोलल्या की ते इथे लिहायचं नाही, पण शेवटी म्हणाल्या, देवानं हात नेलेन तर डोले तरी कशाला ठेवलेन! सर सुरी उचलायला गेले. उचलताना ती टेबलावर टकटक टकटक वाजत होती, आणि त्यांनी ती उचललीच. मी तिथून सरळ घरी आले आणि भांड्यांवर राग काढला. माझा राग त्या हट्टी माणसावर होता, त्या यंत्रावर होता, पुण्याच्या त्या गुणी पोरीवर होता, आणि कुणावर होता काय माहीत. संध्याकाळी यांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, काही नाही, भाजी करपली. भाजी खरंच करपली होती.

पावसाळ्यानंतर सर बाथरूममध्ये पडले. लागलं फारसं नाही, पण मीनल धावत आली आणि तिने ठरवूनच टाकलं. दोघांनी पुण्याला यायचं. फ्लॅट भाड्याने द्यायचा. वहिनी रडल्या, गावाच्या, खाडीच्या, ताज्या बोंबलांच्या नावाने. सर रडले नाहीत. फक्त विचारलं, तिकडे खिडकीपाशी टेबल आहे का?

जायच्या दिवशी घरात ही धांदल. टेम्पो भरून पुढे गेला होता. मीनलने बोलावलेली गाडी खाली उभी, चालक हॉर्नवर हॉर्न देतोय. मीनल गॅस बंद आहे का बघतेय, वहिनी देवघरातले देव ओढणीत बांधतायत, आमचे हे पिशव्या लिफ्टकडे नेतायत, मी फ्रिजमधलं उरलंसुरलं काढतेय. सरांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. खिडकीपाशी ते टेबल तेवढं राहिलं होतं, भाडेकरूसाठी ठेवलेलं, आणि त्याच्यापाशी सर. मी मनात ठरवलं होतं, आज सुरी मागून घ्यायची. धार नको, काही नको, माझी सुरी द्या. तेवढ्यात सरांनी हाक मारली.

"परबवहिनी, या. बघा."

मी हात पुसत गेले. सुरी चिंबोरीत होती. मध्यावर. मूठ आणि टोक एका रेषेत. मी खाली वाकले, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. त्यांच्यासारखा एक डोळा बारीक करूनही बघितलं. केसभरही नाही, कुठेच नाही. मी वळून वहिनींकडे बघितलं. त्या दारात देव घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. मी नाही, ताई.

"तुमीच लावलीत?" त्यांनी विचारलं.

"मीच," सर म्हणाले. "आत्ता. तुम्ही सगळे तिकडे होतात."

सगळे तिकडे होतो. इतके महिने आम्ही इकडे होतो. वहिनी दारातून, मी पॅसेजमधून, हे खुर्चीच्या मागून, सगळे त्या हातावर डोळे लावून. ज्या माणसाने जन्मभर सांगितलं, हात बघू नका, त्याच्या हाताकडे आम्ही बघत बसलो होतो. मला तिथे काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "मग लावा ना धार! पटकन लावा!"

सरांनी दांडी हातात घेतली. खालून लांबलचक हॉर्न. मीनल आत आली. "बाबा, चला आता, दुपारच्या आत घाट ओलांडायचाय. हे राहू द्या, सोडा ते."

"सोडायचं नाही."

"बाबा, सुरी काढा, काकूंना द्या त्यांची. यंत्र मी बॅगेत टाकते."

"काढायची नाही!" सर म्हणाले. "काढली की गेली."

मीनलला कसं कळणार? तिने माझ्याकडे बघितलं, काकू, तुम्ही तरी सांगा. सुरी माझी. मी म्हटलं असतं, सर, द्या, तर त्यांनी दिली असती. माझ्या वस्तूला त्यांनी कधी नाही म्हटलं नसतं. मी घरात गेले, एक जाड नॅपकिन आणला आणि धारेवरून पांघरला, कुणाला लागू नये म्हणून. म्हटलं, "न्या. तिकडे लावा आणि पाठवून द्या."

"आणून देणार," सर म्हणाले. "पाठवणार नाही."

लिफ्टमध्येही त्यांनी ते यंत्र कुणाच्या हातात दिलं नाही. वहिनी म्हणत होत्या, गारीत ठेवा तरी खाली, पायाशी. ऐकतात कुठले? मागच्या सीटवर बसले, मांडीवर चिंबोरी, दोन्ही हातांचा विळखा, आणि नॅपकिनखाली माझी सुरी. वहिनींनी खिडकीतून माझा हात धरला आणि सोडेचनात. मीनल पुढे बसली. गाडी निघाली.

आमच्या गेटबाहेरचा रस्ता तुम्हाला सांगायला नको. पाऊस संपून इतके दिवस झाले तरी खड्डे तसेच. गाडी पहिल्या खड्ड्यात गेली आणि माझ्या तोंडून शिवी निघाली. सरांनी यंत्र मांडीवरून वर उचलून धरलं, धक्का लागू नये म्हणून. मागच्या काचेतून मला ते दिसत होतं. गाडी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. वहिनींचं डोकं हलत होतं, मीनलचे खांदे हलत होते, चालकाचा हात स्टिअरिंगवर हलत होता. गाडीतलं सगळंच हलत होतं, आणि सरांचे हात त्यात वेगळे दिसत नव्हते.